विश्लेषण : सुमारे ५४ लाख रायफली, रॉयल्टी शून्य… ‘एम-१’चे जनक जॉन गॅरंड कोण होते?

कारखान्यातून आलेली नवी कोरी रायफल पहिल्याच दिवशी अचूक मारा करत नाही. तिच्यावरचे जाड ग्रीस काढावे लागते, काही गोळ्या झाडून ती रुळवावी लागते आणि मग पुढची-मागची साइट जुळवून तिचा ‘झीरो’ काढावा लागतो. एनसीसीत रायफल हाताळलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. हीच गोष्ट एका रायफलीपुरती न राहता अख्ख्या मॉडेलच्या बाबतीत घडली, तर काय होते? अमेरिकी सैन्याच्या एम-१ रायफलीची कहाणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ती बनवणारा माणूस सैनिक नव्हता आणि पदवीधर अभियंताही नव्हता. कापडगिरणीत झाडू मारण्यापासून त्याने सुरुवात केली होती.

जॉन गॅरंड कोण होते?

जॉन कँटियस गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांतात, सेंट रेमी या गावाजवळ झाला. घर फ्रेंच भाषिक आणि भावंडांचा गोतावळा मोठा, डझनभर. आईच्या निधनानंतर १९ व्या शतकाच्या अखेरीस वडील मुलांना घेऊन अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, ज्युएट सिटी या गिरणगावात आले. लहानग्या जॉनची शाळा लवकरच सुटली. गिरणीत फरशी झाडण्याचे काम मिळाले आणि झाडता झाडता यंत्रे कशी चालतात हे तो पाहू लागला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत तो तिथेच यंत्र-कारागीर झाला होता.

पुढे प्रॉव्हिडन्समधील ब्राउन अँड शार्प या हत्यारे आणि मोजमापाची साधने बनवणाऱ्या नामांकित कंपनीत त्यांनी काम केले. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत धातू कापण्याची सवय तिथे हाताला लागते. दुसरा नाद नेमबाजीचा. जत्रेत फुगे फोडतात तशा त्या काळच्या ‘शूटिंग गॅलरी’ अमेरिकी शहरांत जागोजागी असत आणि गॅरंड तिथे रमत. यंत्रकाम आणि नेमबाजी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणे फार महत्त्वाचे ठरले. बंदुकीचा आराखडा काढणारे पुष्कळ असतात, पण चाप ओढल्यावर खांद्याला काय जाणवते हे माहीत असलेले आणि लेथवर स्वतः उभे राहणारे कमी.

(जाता जाता नावाविषयी : जगभर बहुतेक लोक ‘गरँड’ असा उच्चार करतात. स्वतः ते आणि त्यांचे कुटुंबीय मात्र पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘गॅरंड’ म्हणत.)

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याला हलकी मशिनगन हवी होती आणि संशोधकांकडून आराखडे मागवले जात होते. गॅरंड यांचा आराखडा पसंत पडला आणि त्यांना सरकारी नोकरी मिळाली. नमुना तयार होईपर्यंत युद्ध संपले. पण माणूस कामाचा आहे हे लक्षात आल्याने १९१९ मध्ये त्यांना मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यात पाठवण्यात आले. १९२० मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. पुढची ३४ वर्षे त्यांचा पत्ता बदलला नाही.

अर्ध-स्वयंचलित रायफल बनवणे इतके अवघड का होते?

तेव्हाच्या बहुतेक लष्करी रायफली ‘बोल्ट अॅक्शन’ होत्या. प्रत्येक गोळीनंतर सैनिकाने हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर टाकायचे, नवे आत ढकलायचे. तेवढ्यात नेम हलतो आणि शत्रूही हलतो. अर्ध-स्वयंचलित रायफलीत हे सगळे काम रायफल स्वतः करते. सैनिकाने फक्त दर गोळीला एकदा चाप ओढायचा.

हे काम करायला लागणारी ताकद आणायची कुठून, हा खरा प्रश्न. गॅरंड यांचा पहिला उपाय चमत्कारिक होता. काडतुसाच्या तळाशी ठिणगी देणारी जी छोटी टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. स्फोटाच्या दाबाने ती किंचित मागे सरकते. त्या किंचित सरकण्यावर त्यांनी बोल्ट उघडण्याची यंत्रणा बसवली. ती चाललीही. पण १९२० च्या दशकाच्या मध्यास सैन्याने काडतूस बदलले. नवी दारू आली आणि प्रायमर काडतुसात घट्ट दाबून बसवला जाऊ लागला. टोपी सरकेना, रायफल चालेना. काही वर्षांचे काम बाजूला ठेवून गॅरंड यांना पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली.

दुसरा उपाय टिकला. गोळी नळीतून जाताना तिच्यामागे तापलेला वायू असतो. नळीच्या तोंडापाशी त्यातला थोडा वायू खालच्या सिलिंडरमध्ये घ्यायचा, त्याच्या जोरावर एक लांब दांडा मागे ढकलायचा, दांड्याने बोल्ट फिरवून उघडायचा आणि मग स्प्रिंगने सगळे पुन्हा पुढे आणायचे. ऐकायला सोपे वाटते. पण हे सैनिकाला पेलेल अशा साडेचार किलोच्या आतल्या रायफलीत आणि पाऊस, धूळ, थंडीत हजारो वेळा घडायला हवे होते.

मॅकआर्थर यांनी काय ठरवले?

स्पर्धाही होती. जॉन पेडरसन हे तेव्हाचे मोठे नाव. त्यांनी ०.२७६ इंच व्यासाच्या छोट्या काडतुसाची रायफल आणली होती आणि अनेक अधिकाऱ्यांना ते काडतूस पटले होते. पेडरसन यांच्या रायफलीत काडतुसांना मेणाचा लेप द्यावा लागे. गॅरंड यांनीही त्याच व्यासाची रायफल बनवली, तिला लेपाची गरज नव्हती, आणि चाचण्यांमध्ये ती सरस ठरली. सगळे जमून आले असे वाटत असतानाच १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी छोटे काडतूस नाकारले. महामंदीचे दिवस, कोठारांत जुन्या ०.३० इंची काडतुसांचा प्रचंड साठा आणि मशिनगनही त्याच व्यासाच्या. नवे काडतूस परवडणारे नव्हते.

छोटे काडतूस हलके असते, धक्का कमी देते आणि सैनिक ती जास्त वाहून नेऊ शकतो. पुढे जगभरच्या सैन्यांनी त्याच दिशेने वाट धरली. त्यामुळे मॅकआर्थर यांच्या निर्णयावर आजही वाद होतो. पण तिजोरीकडे पाहून घेतलेला निर्णय म्हणून तो समजण्यासारखा आहे. गॅरंड यांची ०.३० इंची आवृत्ती हाताशी होती हे त्यांचे नशीब. डिसेंबर १९३२ मध्ये पेटंट मिळाले आणि ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम-१’ या नावाने ही रायफल अमेरिकी सैन्याची अधिकृत रायफल झाली.

नव्या रायफलीचे दोष कसे उघडे पडले?

१९३७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि रायफली युनिटमध्ये, नेमबाजांच्या हातात गेल्या. तेव्हा रेंजवर जे दिसले ते काळजी वाटावी असे होते.

पहिला दोष नळीच्या तोंडाशी. सुरुवातीच्या रचनेत वायू नळीला भोक पाडून घेतलेला नव्हता. तोंडाशी एक टोपण बसवून, गोळी नळीबाहेर पडताना वायू त्यात अडवला जाई. या सगळ्या जोडणीवरच पुढची साइट बसवलेली होती. जोडणी जराशी सैल झाली की साइट हलणार आणि काढलेला झीरो गेला. टोपण नीट रेषेत नसेल तर गोळी त्याला घासण्याचीही भीती होती. गॅरंड यांनी नळीच्या खालून छोटे छिद्र पाडून वायू थेट सिलिंडरमध्ये घेण्याची रचना केली आणि १९४० पासून ती वापरात आली. तोवर जुन्या पद्धतीच्या सुमारे ५० हजार रायफली बाहेर पडल्या होत्या. त्यातल्या बहुतेक पुढे बदलून घेतल्या गेल्या. मूळ अवस्थेतली एखादी आज संग्राहकांच्या हाती लागली तर ती भलतीच महाग असते.

दुसरा दोष जास्त विचित्र होता. एम-१ मध्ये आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून एकदमच आत बसते. काही रायफलींमध्ये सहा गोळ्या व्यवस्थित सुटत आणि सातवी अडके. गॅरंड यांनी हाताने घडवलेल्या नमुन्यांत असे कधीच होत नसे. शोध घेतल्यावर कळले, की कारखान्यातल्या यंत्रावर कापताना आतल्या एका कडेचा लहानसा भाग जास्त कापला जात होता. क्लिपला आधार देणारी ती कड नसल्याने शेवटची काडतुसे तिरकी होत. आराखड्यात चूक नव्हती. आराखड्यापासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर काही मिलिमीटर धातू हरवला होता.

याच सुमारास मेल्विन जॉन्सन या मरिन राखीव दलातील अधिकाऱ्याने आपली प्रतिस्पर्धी रायफल पुढे केली. वर्तमानपत्रांत एम-१ वर टीका सुरू झाली, प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या समितीपर्यंत गेले. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकेने चुकीची रायफल तर निवडली नाही ना, ही शंका जाहीरपणे विचारली जात होती. मितभाषी गॅरंड या वादात फारसे पडले नाहीत. ते वर्कशॉपमध्ये होते.

नवी एम-१ रुळवायची आणि ‘झीरो’ करायची कशी?

सैनिकाला मिळालेली नवी एम-१ गंज रोखणाऱ्या जाड ग्रीसमध्ये बुडालेली असे. ते प्रत्येक फटीतून काढणे हे पहिले आणि सगळ्यात कंटाळवाणे काम. कारखान्यात जादा दाबाचे काडतूस झाडून नळीची परीक्षा झालेली असते. तरीही पहिली गोळी झाडण्यापूर्वी नळी आतून कोरडी करावीच लागते, कारण तेलकट नळीतून गेलेली पहिली गोळी बाकीच्यांच्या गटात बसत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन गोळ्या हिशेबात न धरण्याचा शिरस्ता आहे.

एम-१ ला तेलापेक्षा ग्रीस मानवते. बोल्टचे खटके, दांडा जिथे घसरतो ती खाच आणि हॅमरचा माथा या घासणाऱ्या जागी बोटाने पातळ थर लावायचा. जोराच्या पावसात तेल धुऊन जाऊन बोल्ट अडकतो, हा अनुभव आल्यावर सैनिकांना दस्त्याच्या पोकळीत ठेवता येईल अशी ग्रीसची छोटी डबी देण्यात आली.

पहिल्यांदा काडतुसे भरताना अंगठा सांभाळावा लागतो. क्लिप दाबली की बोल्ट पुढे झेपावू शकतो आणि अंगठा आत राहिला तर ठेचतो. अमेरिकी सैनिकांत ‘एम-१ अंगठा’ हा शब्दच रूढ झाला. उजव्या हाताच्या कडेने दांड्याची मूठ रोखून धरायची आणि अंगठ्याने क्लिप दाबायची, ही सवय रायफल साफ करण्याआधी शिकवली जाई. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या रायफलीत आधी एक, मग दोन काडतुसे भरून पाहतात. एका चापाला दोन गोळ्या सुटत नाहीत ना, याची खात्री करायची असते.

लाकूडही रुळावे लागते. नवा अक्रोडाचा दस्ता धातूला घट्ट धरतो. चापाची कमान बंद करताना शेवटी जोर लावावा लागला तर जोडणी उत्तम समजायची. काही फैरींनंतर लाकूड दबते आणि भाग आपापल्या जागी बसतात. वारंवार खोलून पुसणारा उत्साही शिपाई हा घट्टपणा घालवतो आणि गोळ्यांचा गट पसरू लागतो. अजून एक पथ्य : एम-१ ची रचना मागून बंद असल्याने नळी तोंडाकडून साफ करावी लागते. पोलादी काठी तोंडाला घासली तर अचूकता कायमची जाते. काठी निष्काळजीपणे चालवल्याने खराब झालेल्या नळ्या काही कमी नव्हत्या.

आता झीरो. एम-१ च्या मागच्या साइटला छोटे गोल छिद्र असते आणि दोन बाजूंना दोन चाकत्या, एक वर-खाली करायला, दुसरी डावी-उजवी. छिद्रातून पाहिले की डोळा आपोआप मध्य शोधतो. लक्ष ठेवायचे ते पुढच्या साइटच्या टोकावर. ते स्वच्छ दिसले पाहिजे, लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. चाकती फिरवली की ‘टक्’ असा आवाज येतो. अशा एका टक्-ने १०० यार्डांवर गोळी साधारण एक इंच सरकते, २०० यार्डांवर दोन इंच.

पट्टा हाताला गुंडाळून, पोटावर झोपून तीन गोळ्या एकाच नेमाने झाडायच्या. एका गोळीवरून काही ठरवायचे नाही. तिन्हींचा मध्य काढायचा. समजा २०० यार्डांवर तो मध्य सहा इंच डावीकडे आणि चार इंच खाली आला. मग उजवीकडे तीन टक्, वर दोन टक्, आणि पुन्हा तीन गोळ्या. मध्य लक्ष्यावर आला की वर-खाली करणाऱ्या चाकतीचा स्क्रू सैल करून तिच्यावरची २०० ची खूण रेषेशी जुळवायची आणि स्क्रू पुन्हा घट्ट करायचा. आता रायफलीला आपले शून्य कळले. पुढे ३०० किंवा ५०० यार्डांवर मारा करायचा असेल तर चाकतीवर तो आकडा आणायचा. आकडे १२०० यार्डांपर्यंत कोरलेले असतात.

डावी-उजवी चाकती फार फिरवावी लागली तर दोष पुढच्या साइटचा. ती आडव्या खाचेत बसते आणि सैल करून सरकवता येते. गोळी डावीकडे जात असेल तर पुढची साइटही डावीकडेच सरकवायची. नवशिक्यांचा गोंधळ इथे हमखास होतो. दोन साइटमधले अंतर सुमारे २८ इंच. त्यामुळे पुढची साइट फक्त ०.२ मिलिमीटर हलली तरी १०० यार्डांवर गोळी एक इंच सरकते. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हलणाऱ्या साइटमुळे एवढा आरडाओरडा का झाला, ते यावरून कळेल. मागच्या साइटचीही तक्रार होतीच. धक्क्यांनी चाकती आपोआप सरकत असे. म्हणून महायुद्धाच्या काळात तिला कुलूपपट्टी आली आणि नंतर सुधारित रचना.

हा झीरो त्या माणसाचा आणि त्या रायफलीचा असतो. गाल टेकवण्याची, चाप ओढण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. शेजाऱ्याने झीरो केलेली रायफल आपल्या हातात वेगळीकडे लागते. आपल्याकडे सैन्यात आणि एनसीसीत नेम धरण्याला ‘शिस्त घेणे’ म्हणतात. मराठी कानाला हा हिंदी शब्दप्रयोग गमतीचा वाटतो, पण प्रकार बराचसा तोच आहे.

युद्धात एम-१ कशी ठरली?

१९४० च्या अखेरीस मरिन दलाने सॅन डिएगोत चार रायफलींची कठोर चाचणी घेतली. चिखलात जुनी बोल्ट अॅक्शन स्प्रिंगफील्डच जास्त भरवशाची ठरली, पण अर्ध-स्वयंचलित रायफलींत एम-१ सर्वांत पुढे होती. मरिननी ती स्वीकारली, मात्र पुरवठा अपुरा असल्याने ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वाडलकनालवर ते जुन्या रायफली घेऊनच उतरले. ऑक्टोबरमध्ये लष्कराची १६४ वी इन्फंट्री रेजिमेंट एम-१ घेऊन त्याच बेटावर आली आणि फरक सगळ्यांना दिसला. त्याआधी फिलिपिन्समधील बटानच्या लढाईत एम-१ पहिल्यांदा कसोटीला लागली होती. ती समाधानकारक चालल्याचा अहवाल वॉशिंग्टनला पाठवणारे सेनापती होते मॅकआर्थर. जॉर्ज पॅटन यांनी तर तिला आजवरचे सर्वोत्तम युद्धसाधन ठरवले.

कारखाना तोवर पूर्ण वेगात होता. मोठ्या संख्येने महिला कामगार असलेल्या स्प्रिंगफील्डमधून दिवसाला सुमारे चार हजार रायफली बाहेर पडत. त्यासाठीची काही यंत्रसामग्रीही गॅरंड यांनीच आखली होती. विंचेस्टर कंपनीने पाच लाखांवर रायफली बनवल्या. कोरियन युद्धाच्या काळात आणखी दोन कंपन्या उतरल्या आणि १९५७ पर्यंत एकूण आकडा सुमारे ५४ लाखांवर गेला.

याच महायुद्धात भारतीय जवानांच्या हाती ०.३०३ ची बोल्ट अॅक्शन रायफल होती आणि १९६२ च्या चीन युद्धातही बहुतेकांकडे तीच होती. इशापूरच्या कारखान्यातली अर्ध-स्वयंचलित ‘एसएलआर’ त्यानंतर आली. पाकिस्तानला मात्र १९५० च्या दशकातच अमेरिकी मदतीतून एम-१ मिळू लागल्या होत्या.

गॅरंड यांना काय मिळाले?

जानेवारी १९३६ मध्ये, रायफल स्वीकारली गेली त्याच महिन्यात, गॅरंड यांनी आपल्या शोधाचे सर्व हक्क अमेरिकी सरकारला देऊन टाकले. ते पगारी सरकारी नोकर होते आणि पगारावरच राहिले. एका रायफलीमागे एक डॉलर ठरला असता तरी ते कोट्यधीश झाले असते. १९४४ मध्ये त्यांना ‘मेडल फॉर मेरिट’ हा नागरी सन्मान मिळाला. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक काँग्रेसमध्ये आले, पण ते मंजूर झाले नाही. गॅरंड यांनी त्याबद्दल जाहीर तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से मात्र स्प्रिंगफील्डमध्ये सांगितले जात. स्केटिंगच्या वेडापायी त्यांनी घरातल्या एका खोलीत पाणी सोडून बर्फ जमवला होता, हा त्यातला सर्वांत लाडका.

१९५३ मध्ये ते निवृत्त झाले. १९५७ मध्ये सैन्याने एम-१४ ही नवी रायफल स्वीकारली. तिचा बोल्ट आणि मूळ रचना बरीचशी एम-१ चीच होती. १९६८ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरी बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्डमध्येच गॅरंड यांचे निधन झाले.

निवृत्तीच्या वेळी त्यांना एक एम-१ भेट देण्यात आली होती. तिच्यावरचा क्रमांक होता १०,००,०००. २०१८ मध्ये ती लिलावात अडीच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.